विसरलेल्या तीन काचा

१

किल्ली खुंटीवर नव्हती.

मास्तरांच्या घरात हे म्हणजे अघटितच होतं. मास्तरांनी उभी हयात लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवली. शहरातल्या निम्म्या लोकांनी क्लच सोडताना त्यांची बोलणी खाल्ली होती, आणि "किल्ली जागेवर नाही म्हणजे डोकं जागेवर नाही" हे त्यांचं वाक्य त्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. निवृत्तीनंतर शिकवायची गाडी गेली, घरची निळी गाडी राहिली, आणि तिची किल्ली दारामागच्या पितळी खुंटीवर न चुकता लटकत राहिली. कालपर्यंत.

आज पहाटे सुनेला स्टेशनवर सोडायचं होतं. सून पुलांचे आराखडे करायची. तिने आखलेला एक पादचारी पूल दुसऱ्या शहरातल्या मोठ्या मंडळींच्या मनात भरला होता आणि त्यांनी तिला समजावून सांगायला बोलावलं होतं. निघायच्या वेळी किल्ली नाही. उशा उलट्या झाल्या, छत्र्या झटकून झाल्या, कपाटं पालथी घातली गेली. शेवटी टॅक्सी बोलावली, ती रमतगमत आली. सून फलाटावर पोहोचली तेव्हा तिच्या आगगाडीचा शेवटचा डबा वळणाआड जात होता.

ती परत आली ती तडक फोनकडे गेली.

"आत्या, गाडीची दुसरी किल्ली तुमच्याकडे असते ना? ती घेऊन या. आणि किल्ली कोणी घेतली ते शोधून द्या. नाही सापडलं, तर मी पोरीला घेऊन आजच निघते. जागा बघून ठेवली आहे मी."

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात तिचे केस पांढरे झाले होते. झाडावर आपटलेली गाडी "उभीच होती हो" म्हणणारे लोक तिने इतके पाहिले होते, की आता भाजीवाल्याने भाव सांगितला तरी ती आधी त्याच्या डोळ्यांत बघायची. चेपलेला पत्रा खरं बोलतो आणि मालक खोटं, एवढी एक गोष्ट नोकरीने तिला शिकवली होती.

ती आली तेव्हा दारात दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. लहान बॅगेतून नातीच्या कापडी सशाचा कान बाहेर डोकावत होता. मास्तरांचा मुलगा बोटीवर नोकरीला, समुद्रात कुठेतरी. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"तुझ्यावर कोणी आळ घेतलाय का?" आत्याने विचारलं.

"तोंडावर कोण घेईल?" सून म्हणाली. "मागे एकदा जेवताना मी म्हणाले होते, बाबा, आता अंधारात गाडी चालवणं सोडा. पोरगी मागे बसलेली असते. बाबा ताटावरून उठले. मग बाबांच्या मित्राच्या सत्काराच्या संध्याकाळी गाडी सुरूच होईना, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि आज पहाटे बाबा जिन्यात म्हणाले, ज्यांना माझं गाडी चालवणं खुपतं, त्यांनाच किल्ली विचारा."

आत्या दचकली. सुनेला गाडी शिकवताना ज्या माणसाने एकदाही आवाज चढवला नव्हता, तो असं बोलला?

२

मास्तर गॅलरीत पाठमोरे बसले होते.

"चिमणे, आलीस? चहा घे आधी."

"चहा पळून जात नाही, दादा. किल्ली शेवटची कधी पाहिलीस?"

"रात्री जेवणाआधी. मग नव्हती."

"आणि जिन्यात सुनेला काय बोललास?"

मास्तर कठड्याच्या लोखंडावरचा रंग नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "बोलून गेलो. जीभ घसरली." मग एकदम वळून, दबक्या आवाजात, "किल्लीचं सोड. या गाडीला कोणीतरी हात लावतंय, चिमणे. अगदी खरं सांगतो. माझी झोप उडाली आहे."

आत्याने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. भीती खरी होती. ती कुणाला सोंग म्हणून आणता येत नाही.

"हात लावतंय म्हणजे काय करतंय?"

"ते... तसं बोट ठेवून नाही सांगता येत. जाणवतं."

नुसत्या आवाजावरून चाकातली हवा ओळखणारा हा माणूस 'जाणवतं' म्हणत होता. आत्याने तो शब्द मनात बाजूला काढून ठेवला.

सत्काराच्या संध्याकाळची हकिगत तिने त्यांच्याकडूनच ऐकली. मास्तरांच्या जुन्या मित्राचा सत्कार होता, सगळे नटूनथटून खाली आले, आणि गाडी ढिम्म. मास्तरांचाच शिष्य असलेला मेकॅनिक धावत आला. झाकण उघडून बघतो तर बॅटरीची वायर सोडून बाजूला ठेवलेली. त्याने ती जोडली, गाडी सुरू झाली, पण तोवर सत्कार आटोपला होता.

"त्यानंतर पुन्हा काही?"

"नाही," मास्तर म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

आत्या दुसरी किल्ली घेऊन खाली उतरली. निळी गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नेहमीच्या जागी उभी होती. ती चालकाच्या जागी बसली, किल्ली फिरवली. समोरचं घड्याळ तिच्या मनगटावरच्या घड्याळाच्या बरंच पुढे होतं. तिला आश्चर्य वाटलं. दादा म्हणजे घड्याळ काट्याला काटा मिळवणारा माणूस.

मग सवयीने तिने काचेच्या बटणाला हात घातला. या गाडीच्या काचा एका स्पर्शाच्या होत्या. बटण एकदा जोरात दाबून सोडलं की काच आपली आपण पूर्ण खाली जायची, एकदा ओढून सोडलं की आपली आपण वर येऊन गच्च बसायची. बोट धरून ठेवायची गरज नाही. चालकाची काच शहाण्या मुलासारखी खाली गेली, वर आली.

आत्या शेजारच्या जागी सरकली. तिथली काच खाली गेली, पण वर ओढून बोट काढलं तशी मध्येच थांबली. पुन्हा ओढलं, पुन्हा थांबली. बोट धरून ठेवलं तेव्हा कुठे वर गेली. ती मागच्या दारांशी गेली. तिथेही तेच. दोन्हीकडे.

एक काच बिघडली असती तर आत्याने खांदे उडवले असते. पण तीन काचा एकदम एकच गोष्ट विसरतात, तेव्हा कारण एकच असतं. वीज तुटली की काचेच्या मोटारीला आपली वरची सीमा कुठे आहे ते आठवत नाही. म्हणजे बॅटरी सुटली होती. पण मग चारही काचांनी विसरायला हवं होतं.

चौथी विसरली नव्हती, याचा अर्थ एकच. तिला कोणीतरी पुन्हा शिकवलं होतं. गुपचूप.

३

मेकॅनिकला कमी ऐकू यायचं, म्हणून त्याला वाटायचं जगालाही कमी ऐकू येतं. त्याच्या गॅरेजमधलं बोलणं चौकापर्यंत जायचं.

"काचा? चारही शिकवल्या मी!" तो गरजला. "सत्काराच्या संध्याकाळीच! वायर जोडली आणि म्हटलं, मास्तर, आता काचा विसरल्या असतील. मग सगळ्यांदेखत करून दाखवलं. बटण दाबून काच तळापर्यंत न्यायची, तळाला गेल्यावरही दोन-चार क्षण दाबूनच ठेवायचं. मग ओढून वर न्यायची, वर बसल्यावरही ओढूनच धरायचं. झालं! पुढच्या वेळी एका टिचकीत जाते-येते. आणि या गाडीत प्रत्येक काच तिच्या तिच्या दारापाशी बसून शिकवावी लागते, एकीचं दुसरीला कळत नाही. चारही दारं फिरलो मी. मास्तर माझ्या मागे मागे, तुमची सून बरोबर, तो दातांचा डॉक्टरही कुंपणावरून वाकून बघत होता."

"आणि वहिनी?" आत्याने मास्तरांच्या बायकोबद्दल विचारलं.

"वहिनी कुठे होत्या? आत असतील. चहा पाठवला होता त्यांनी."

"घड्याळ कोणी लावलं?"

"मीच. मास्तरांनी वेळ सांगितली, सेकंदासकट."

"त्यानंतर पुन्हा कधी बोलावलं तुला?"

"नाही बुवा! मास्तर गाडी अशी जपतात की माझं पोट उपाशी राहायचं." तो पाना पुसत जरा हळू, म्हणजे फक्त फुटपाथपर्यंत ऐकू जाईल असं, बोलला. "एक सांगतो, ताई. ती वायर आपोआप सुटलेली नव्हती. लाल नाही, नियमाप्रमाणे काळी वायर सोडलेली, टोकाला फडकं गुंडाळलेलं. शिकलेला हात होता. पण आता मास्तरांचा शिकलेला हात कोणाचा नाही? तुमचा, माझा, सुनेचा, सगळ्यांचाच."

दातांचा डॉक्टर शेजारीच राहायचा. मास्तरांची गाडी ज्या सावलीत उभी असते, त्या सावलीवर त्याचा कधीपासून डोळा होता आणि हे तो लपवतही नव्हता.

"मला त्यांची गाडी बंद पाडून काय मिळणार?" तो म्हणाला. "बंद पडली तर ती सावलीतच राहील. मला तर ती चालायला हवी आहे! उलट नुकसान माझंच झालंय. परवा ऊन उतरताना मास्तरांनी गाडी मागे घेताना माझी एवढी मोठी कुंडी फोडली. विचारलं तर म्हणतात, कुंडी तिथे नव्हतीच. गेली कित्येक वर्षं ती तिथेच आहे हो."

"रागावलात?"

"रागावणार कसा? मला गाडी त्यांनीच शिकवली. परीक्षेच्या दिवशी मी घाबरून काही न खाताच आलो होतो, तर स्वतःच्या डब्यातलं अर्धं मला खायला घातलं होतं त्यांनी." डॉक्टर हसला. "हल्ली मात्र दिवे लागले की त्यांची गाडी कधी निघताना दिसत नाही. मध्ये नाटकाला जाणार म्हणत होते, तिकिटं काढली होती. ऐनवेळी वहिनींचा गुडघा धरला म्हणे."

आत्या जागच्या जागी थांबली. सत्काराची संध्याकाळ. नाटकाची संध्याकाळ. स्टेशनची पहाट. दिवसा बाजार, बँक, नातीची शाळा यांत एकदाही काही अडलं नव्हतं. गाडी बिघडत होती ती फक्त अंधाराच्या वेळी.

आणि नाटकाच्या संध्याकाळी तर ती बिघडलीच नव्हती. की बिघडली होती, आणि कोणाला कळूच दिलं नव्हतं?

४

वहिनी कणीक मळत होती. आत्या ओट्याला टेकून उभी राहिली. खिडकीतून गाडीचा डावा-उजवा भाग सारखा दिसत नव्हता. चालकाचं दार अगदी नाकासमोर होतं, पलीकडची बाजू गाडीच्याच छपराआड पूर्ण झाकलेली होती. मागची दारं तर निलगिरीच्या खोडाने अडवली होती.

"वहिनी, हे भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे ग."

"असू दे. मीच पुढे ठेवते. या घरातल्या लोकांना खरी वेळ दाखवली तर कोणी वेळेवर निघणार नाही."

"किती वर्षं पुढे ठेवतेस?"

"लग्न झालं तेव्हापासून."

आत्याने एक घुटका चहा घेतला आणि अगदी सहज विचारलं, "काच शिकवायला जमलं का पहिल्याच झटक्यात?"

वहिनीचे हात परातीत थांबले.

"मेकॅनिक एवढा ओरडून बोलतो," आत्या म्हणाली, "की तू इथून शब्दन् शब्द ऐकला असशील. पण पाहिलीस ती एकच काच. बाकी सगळ्यांनी त्याला चारही दारांशी शिकवताना पाहिलं. त्यांच्यातल्या कोणी काचा शिकवल्या असत्या, तर चारही शिकवल्या असत्या. ज्याने एकच शिकवली, त्याने एकच पाहिली. शिवाय गाडीतलं घड्याळ पुन्हा लावलं गेलंय, आणि ते नेमकं या भिंतीवरच्या घड्याळाएवढं पुढे आहे."

वहिनीने कणकेचे हात पुसले. मग तिला हसू आवरेना.

"मेली ती काच. मला वाटलं एक शिकली की बाकीच्या तिचं बघून शिकतात, पोरांसारख्या."

"म्हणजे तू बॅटरी—"

"मी जोडते," वहिनी म्हणाली. "सोडत नाही. घरातले नळ कोण आवळतं? मीच ना? तसाच तो नट. नाटकाच्या दिवशी दुपारी याच खिडकीतून मला गाडीचं झाकण वर दिसलं, आणि खाली वाकलेली एक पाठ दिसली. मागच्या वेळी सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं होतं. पुन्हा तसं व्हायला नको होतं मला. म्हणून घर दुपारचं झोपलं होतं तोवरच जाऊन जोडून आले, कोणाला संशय येऊ नये म्हणून काच नि घड्याळही लावलं. आणि मग माझा गुडघा दुखायला लागला."

"खरंच दुखत होता?"

"गुडघ्याला काय धाड भरली आहे? पण नाटक रद्द व्हायला हवं होतं ना. नाहीतर ती पाठ वाकवण्याचा त्या माणसाला काय उपयोग झाला असता?"

"आणि काल रात्री?"

"काल किल्लीच गेली. किल्लीपुढे माझी अक्कल चालेना. पोरीची आगगाडी चुकली, ते मात्र माझ्या जिवाला लागलंय."

"वहिनी, ती पाठ कोणाची होती?"

वहिनीने पुन्हा परातीत हात घातला. "ते मी सांगणार नाही. लग्नात एकमेकांना काय काय कबूल केलं होतं ते आता आठवत नाही, पण एकमेकांना उघडं पाडायचं नाही, हे त्यात असणारच."

तिने सांगितलं नाही, आणि सांगून टाकलं.

५

"दादा, खाली चल. गाडीत बसू."

मास्तर शेजारच्या सीटवर बसले, आत्या चालकाच्या. दुपारचं ऊन झाडातून गळत होतं. तिने चारही काचा बंद केल्या, कारण काही गोष्टी शेजाऱ्यांनी ऐकायच्या नसतात.

"तुझं म्हणणं खरं आहे," ती म्हणाली. "गाडीला कोणीतरी हात लावतंय. एक नाही, दोघं. एक बॅटरी सोडतो, दुसरं कोणी ती जोडतं. सोडणाऱ्याने नाटकाच्या दिवशी वायर सोडली. नाटक रद्द झालं, सुंठीवाचून खोकला गेला. मग सोडणारा वायर परत लावायला आला, आणि बघतो तर ती लावलेलीच. घट्ट. त्या क्षणी त्याच्या अंगावर काटा आला असेल. चोराच्या घरात चोर! तेव्हापासून त्याला झोप नाही. पण ही भीती तो कोणाला सांगणार? सांगायची तर आधी हे सांगावं लागेल, की वायर सुटलेली असायला हवी होती हे त्याला कसं माहीत."

मास्तरांचा हात स्वेटरच्या खिशाकडे गेला.

"म्हणून तो म्हणतो, जाणवतं."

"चिमणे..."

"थांब, झालंच. बॅटरीवरचा त्याचा विश्वास उडाला, म्हणून काल किल्ली गेली. सुनेवर संशय घ्यावा तर ती स्वतःचाच पूल कशाला पाण्यात घालेल? डॉक्टरला गाडी हललेली हवी आहे. राहिला एकच. आता सांग, समोरच्या घड्याळात किती वाजलेत?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. मान थोडी पुढे केली. मग हळूच मागे टेकले.

"तुझं घड्याळ नाटकाच्या दिवसापासून चुकीचं आहे, दादा. तू रोज इथे बसतोस. पूर्वी एका मिनिटाचा फरक तुला खपला नसता. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तुला ते आकडे दिसत नाहीत. डॉक्टरची कुंडीही दिसली नव्हती."

मग मास्तरांनी स्वेटरच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"काखेत कळसा," आत्या पुटपुटली.

"समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं," मास्तर म्हणाले. "दुधात बुडाल्यासारखं. रस्ता जातो, कडा जाते, माणूस जातो. पहिल्यांदा झालं तेव्हा पोर मागे बसून गाणं म्हणत होती. मी आवाजाच्या भरवशावर गाडी कडेला घेतली. तिला म्हटलं, आजोबांना चंद्र बघायचाय. चंद्र नव्हताच त्या दिवशी. त्या दिवसापासून मी अंधारात चालवलेली नाही, चिमणे. एकदाही नाही."

"सांगायचंस ना मग सरळ."

"कोणाला? ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांना? सगळ्यांना काय सांगत आलो मी? की दिसत नसेल तर थांबा. आणि मलाच..." त्यांनी किल्ली उलटसुलट केली. "मी असताना सून टॅक्सीने जाणार, हे तोंडाने म्हणवेना. तीच म्हणाली होती, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. पण ती गाडीतून उतरल्यावर परत कोण आणणार? म्हणून किल्ली लपवली. वाटलं, टॅक्सी येईल, ती जाईल, काही बिघडणार नाही."

"बिघडलं."

"हो."

"आणि वर तिलाच बोललास. चोर सोडून संन्याशाला सुळी."

मास्तरांनी डोळे पुसले. "ते सगळ्यात वाईट केलं. बॅगा भरल्यात का ग तिने?"

"दारात ठेवल्या आहेत. आता ते मी नाही सोडवणार. माझं काम शोधायचं होतं, ते झालं."

मास्तर दार उघडून उतरले. दोन पावलं गेले आणि परत आले.

"आणि जोडणारं कोण, ते सांगितलंच नाहीस."

"ते तू शोध," आत्या म्हणाली. "तुझ्या घरात कणीक कोण मळतं?"

६

त्या दुपारी दारातल्या बॅगांशेजारी, जिन्याच्या पायरीवर, मास्तर सुनेच्या शेजारी जाऊन बसले. आत्या मुद्दाम आत राहिली, पण कान कुठे बंद करता येतात?

"किल्ली मी लपवली होती," मास्तरांनी एका दमात सांगितलं. "बॅटरीही मीच सोडली होती. मला रात्री दिसत नाही. आणि तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. तुझी गाडी माझ्यामुळे चुकली."

वहिनीने आतून आत्याचा हात घट्ट धरला.

"बाबा," सून म्हणाली, "पुलाचं मी बघून घेईन. मी त्यांना सकाळीच फोन केला, ते पुढच्या आठवड्यात या म्हणालेत. पण तुम्ही मला परकं केलंत. मला सांगितलं असतं तर मी कोणालाही सांगितलं नसतं."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "तू गप्प राहिली असतीस, सगळं केलं असतंस, आणि मला ते दिसत राहिलं असतं."

सून रडता रडता हसली. म्हणाली, "दिसत नाही म्हणता आणि हे बरं दिसलं असतं." मग ती उठली आणि तिने लहान बॅग आत नेली. मोठी मास्तरांनी उचलली.

वहिनीशी त्यांचं काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. आत्याला खिडकीतून एवढंच दिसलं, की संध्याकाळी दोघं गाडीत बसली आहेत. आधी पुढे, मग मागच्या एका दारापाशी, मग दुसऱ्या. मास्तर वहिनीचं बोट बटणावर धरून म्हणत होते, "दाबून ठेव. तळाला गेली तरी सोडायचं नाही. आता ओढ. वर बसली? अजून धर, अजून... सोड." आणि काच एका टिचकीत खाली गेली, एका टिचकीत वर आली, तेव्हा वहिनीने टाळी वाजवली.

"मला गाडी का नाही शिकवलीत कधी?" तिने विचारलं.

"तू कधी मागितलंस?"

"मागायला कशाला हवं? तुमच्या समोरच तर होते."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. पिकलाय, काढून टाकू. तोवर अंधारात गाडीला हात लावायचा नाही. दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, सावकाश चालेल. परत येताना मास्तर वाटेत भेटलेल्या प्रत्येक शिष्याला थांबवून हे सांगत होते, जणू त्यांना बक्षीस मिळालं होतं. इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं त्यांनी सगळ्या शहरात वाटून टाकलं.

पुढच्या आठवड्यात तिन्हीसांजेला सून निघाली. गाडी तीच चालवत होती. मास्तर शेजारी, मागे वहिनी, नात आणि आत्या. येताना गाडी आत्या आणणार होती. पहिल्या वळणाला मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला, जणू तिथेही ब्रेक होता. दुसऱ्या वळणाला कमी. तिसऱ्या वळणाला समोरून एका ट्रकचे दिवे आले, मास्तरांनी डोळे मिटून घेतले, आणि सुनेने काहीही न विचारता वेग कमी केला.

"छान," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "क्लचवर पाय ठेवून बसू नकोस एवढंच."

"नाही ठेवला, बाबा."

"मग छान."

फलाटावर गर्दी होती. सुनेने आराखड्यांची लांब नळी खांद्याला अडकवली, नातीचा पापा घेतला, वहिनीला नमस्कार केला. आगगाडीत चढून ती दारात उभी राहिली. मास्तर खाली उभे होते, हात मागे बांधून.

"परतीचं तिकीट कधीचं ग?" आत्याने विचारलं.

"संध्याकाळच्या गाडीचं मिळत होतं," सून म्हणाली. "ती पहाटे अंधारातच पोहोचते. पण मी दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीचं काढलं. भर दुपारी पोहोचेन, लख्ख उन्हात." आणि मग सासऱ्यांकडे बघून, "बाबा, न्यायला तुम्हीच या हं. टॅक्सीने नाही येणार मी."

गाडी हलली. मास्तर तिच्याबरोबर चार पावलं चालले, मग थांबले आणि गर्दीत कोणाला दिसेल याची पर्वा न करता रुमाल काढला.